‘विंक’ : मिटलेल्या पापणीच्या अर्थांचा इतिहास

सारांश

‘विंक’ हा इंग्रजी शब्द आज एक डोळा मिचकावून केलेल्या खुणेसाठी वापरला जातो. तथापि या शब्दाच्या इतिहासात डोळे मिटणे, झोप, क्षण, डोळेझाक, फसवणूक आणि इशारा असे अनेक अर्थ एकत्र नांदताना दिसतात. प्रस्तुत निबंधात या अर्थांचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, संस्कृत व मराठी परंपरेतील निमिष, डोळेझाक, डोळा लवणे व नेत्रपल्लवी या कल्पनांशी त्यांची तुलना केली आहे. पापणीच्या हालचालीला अर्थ कोण देतो आणि तो देण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : विंक, निमिष, डोळेझाक, सघन वर्णन, शब्दार्थाचा इतिहास, भारतीय दंड संहिता.

१. प्रस्तावना

मानवी शरीराच्या असंख्य हालचालींपैकी पापणीची उघडझाप ही अत्यंत लहान आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेली हालचाल होय. सामान्य मनुष्य जागेपणी दर मिनिटास साधारणतः १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, आणि त्याची त्याला जाणीवही नसते. अशा नगण्य हालचालीवर विसाव्या शतकातील मानववंशशास्त्राची एक महत्त्वाची संकल्पना उभी राहिली, ही बाब लक्षणीय आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विचारप्रक्रियेसंबंधी केलेल्या विवेचनात एक उदाहरण दिले. दोन मुलांच्या उजव्या डोळ्याची पापणी झपकन मिटते. एकाच्या बाबतीत तो स्नायूंचा अनैच्छिक झटका असतो. दुसऱ्याच्या बाबतीत ती मित्राला दिलेली गुप्त खूण असते. छायाचित्रात दोन्ही हालचाली तंतोतंत सारख्या दिसतील. राइल पुढे तिसऱ्या मुलाची कल्पना करतात. तो दुसऱ्याने केलेल्या ओबडधोबड खुणेची नक्कल करून तिची टर उडवतो. एवढेच नव्हे, तर ती नक्कल चांगली वठावी म्हणून आरशासमोर सरावही करतो. हालचाल एकच, परंतु कृती चार. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इंटरप्रिटेशन ऑफ कल्चर्स’ या ग्रंथात हेच उदाहरण घेऊन ‘सघन वर्णन’ ही संकल्पना मांडली. केवळ पापणी मिटली असे नोंदवणे हे विरळ वर्णन. ती कोणत्या संकेतव्यवस्थेत, कोणासाठी आणि कशासाठी मिटली हे सांगणे म्हणजे सघन वर्णन.

राइल आणि गीर्ट्झ यांनी हे उदाहरण कालनिरपेक्ष पद्धतीने मांडले आहे. ‘विंक’ म्हणजे एका डोळ्याने केलेली खूण, हे त्यात गृहीत आहे. परंतु खुद्द या शब्दालाही इतिहास आहे. तो इतिहास पाहिला असता, पापणीचा अर्थ व्यक्तीगणिक जसा बदलतो तसाच तो शतकागणिकही बदलतो, असे दिसून येते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण जुना दस्तऐवज वाचताना आजचा अर्थ नकळत मागे ढकलला जाण्याचा धोका येथे अगदी स्पष्टपणे दिसतो.

२. ‘विंक’ : शब्दाचा प्रवास

‘विंक’ या शब्दाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘विन्कियन’ या क्रियापदात आहे. डोळे मिटणे, पापण्या लवणे असा त्याचा अर्थ होता. त्यात एक डोळा की दोन, हा भेद आवश्यक नव्हता. याच कुळातील जर्मन ‘विंकेन’ या क्रियापदाचा अर्थ मात्र हात हलवून खुणावणे असा आहे. म्हणजे एकाच मुळापासून निघालेल्या शब्दाने एका भाषेत डोळ्याचा, तर दुसऱ्या भाषेत हाताचा आश्रय घेतला. या कुळात जलद हालचाल आणि इशारा या दोन कल्पना फार पूर्वीपासून शेजारी शेजारी होत्या, असे यावरून म्हणता येईल. इंग्रजीतही डोळ्याने खूण करणे हा अर्थ मध्ययुगापासून आढळतो; परंतु दोन्ही डोळे मिटणे हा अर्थ पुढे कित्येक शतके त्याच्या बरोबरीने प्रचलित राहिला.

याचे उत्तम उदाहरण शेक्सपिअरच्या लेखनात सापडते. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉनेटांपैकी ४३ व्या सॉनेटात, डोळे पूर्ण मिटले असतानाच प्रिय व्यक्ती अधिक स्पष्ट दिसते, असा विरोधाभास कवीने मांडला आहे. डोळे मिटण्याच्या या क्रियेसाठी तेथे ‘विंक’ हेच क्रियापद आले आहे. आजच्या अर्थाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे डोळा मिचकावणारा कवी दिसेल आणि सॉनेटचा आशयच हरवेल. ‘मॅक्बेथ’ नाटकाच्या पहिल्या अंकात नायक, हाताने केलेले कृत्य डोळ्याने पाहू नये, अशी इच्छा व्यक्त करतो. तेथेही हेच क्रियापद आहे. मात्र अर्थ आहे जाणूनबुजून न पाहणे.

हा दुसरा अर्थ, म्हणजे डोळेझाक करणे, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत रूढ झाला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचा ठळक दाखला मिळतो. अथेन्स येथील भाषणात संत पौल, मानवाच्या अज्ञानाच्या काळाकडे ईश्वराने दुर्लक्ष केले, असे सांगतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील या स्थळी १६११ च्या भाषांतरकारांनी ‘विंक’ हे क्रियापद ईश्वरासाठी योजले. त्याच भाषांतरातील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात मात्र डोळ्यांनी खुणा करणारा मनुष्य हा कपटी मनुष्य म्हणून येतो, आणि तेथेही क्रियापद तेच आहे. एकाच ग्रंथात ईश्वराची क्षमाशील उपेक्षा आणि दुर्जनाचा कुटिल इशारा या दोहोंसाठी एकच शब्द वापरला जावा, यात त्या काळच्या वाचकाला काही विसंगत वाटले नाही. पुढे शब्दाचा रोख बदलला आणि १८८१ च्या सुधारित भाषांतरात ईश्वराच्या संदर्भात दुर्लक्ष करणे या अर्थाचा दुसरा शब्द घालण्यात आला. ईश्वर डोळा मिचकावतो, असा भलताच बोध होऊ लागल्यावर तो शब्द तेथे टिकणे कठीणच होते.

डोळे मिटण्याच्या मूळ अर्थाने इतर शब्दांतही आपले अवशेष ठेवले आहेत. ‘हुडविंक’ हे क्रियापद सोळाव्या शतकात डोळ्यांवर आवरण घालणे या अर्थाने आले आणि लवकरच फसवणे या अर्थाने स्थिर झाले. मराठीत याच कल्पनेसाठी डोळ्यांत धूळ फेकणे असे म्हणतात. साधने भिन्न असली तरी दृष्टी हिरावून घेणे म्हणजे सत्य हिरावून घेणे, ही धारणा समान आहे. झोपेच्या डुलकीसाठी ‘चाळीस विंक’ हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकात प्रचारात आला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असे मराठी माणूस जेथे म्हणतो तेथे इंग्रज ‘विंक’भरही झोप नाही असे म्हणतो. याउलट केवळ ध्वनिसाम्याने आलेला अर्थही आहे. लंडन येथे १८८८ मध्ये जोसेफ अ‍ॅशेटन फिंचर यांनी ज्या खेळाच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्या ‘टिडलीविंक्स’ या खेळातील लहान चकतीलाही ‘विंक’ म्हणतात. तिचा डोळ्याशी संबंध नाही. अगदी अलीकडे, २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत डोळा मिचकावणाऱ्या चेहऱ्याचे चिन्ह समाविष्ट झाले. लिहिलेले शब्दशः घेऊ नये, हे सांगण्याचे काम आता ते चिन्ह करते. अशा रीतीने दोन्ही डोळे मिटण्यापासून निघालेला शब्द एका डोळ्याच्या खुणेपर्यंत येऊन पोहोचला.

३. पापणीचे कालमापन : निमिष

इंग्रजी शब्दाने झोप आणि क्षण यांना जेथे ओझरता स्पर्श केला, तेथे संस्कृत परंपरेने पापणीच्या उघडझापीवर कालगणनेची संपूर्ण उतरंड रचली. निमेष किंवा निमिष म्हणजे पापणी मिटणे, आणि उन्मेष म्हणजे ती उघडणे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र असे कोष्टक आहे. विष्णुपुराणात काष्ठेचे निमेष १५ आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ५ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ४० कलांची नालिका आणि दोन नालिकांचा मुहूर्त मानला आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील सिद्धान्तशिरोमणीत १८ निमेषांची काष्ठा आणि ३० काष्ठांची कला हे प्रमाण ठेवले. मात्र ३० कलांची घटिका मानली.

ही कोष्टके आजच्या सेकंदांत मांडली असता पुढील चित्र दिसते. मनुस्मृतीप्रमाणे अहोरात्रात ४,८६,००० निमेष होतात आणि एक निमेष सुमारे ०.१८ सेकंदाचा ठरतो. विष्णुपुराणाप्रमाणे ४,०५,००० निमेष, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.२१ सेकंद. कौटिल्याप्रमाणे ३,६०,००० निमेष, म्हणजे प्रत्येकी ०.२४ सेकंद. भास्कराचार्यांप्रमाणे ९,७२,००० निमेष, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.०९ सेकंद. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार पापणीची एक उघडझाप साधारणतः ०.१ ते ०.४ सेकंदांत पूर्ण होते. म्हणजे चारही परिमाणे वास्तवाच्या आसपास आहेत; परंतु त्यांतील सर्वांत मोठे परिमाण सर्वांत लहान परिमाणाच्या अडीचपटीहून अधिक आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निमेष हे प्रत्यक्ष मोजून ठरवलेले एकक नव्हते. अहोरात्राचे विभाजन करत खाली येताना, मानवी अनुभवातील सर्वांत लहान घटना म्हणून शास्त्रकारांनी पापणीला त्या ठिकाणी बसवले. शरीराची क्रिया येथे संख्या बनली, आणि संख्या मात्र शास्त्राशास्त्रांतून बदलत राहिली. म्हणून एखाद्या ग्रंथात निमिष हा शब्द आला की, ते कोणत्या कोष्टकातील निमिष आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

काळाशी असलेल्या या संबंधातूनच पापणी मर्त्यतेची खूण ठरली. देवांना अनिमिष म्हटले जाते, कारण त्यांच्या पापण्या लवत नाहीत. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंतीसमोर नळाचेच रूप घेतलेले देव उभे असतात. तेव्हा घाम नसणे, सावली नसणे, पाय भूमीला न टेकणे, माळा न कोमेजणे आणि डोळ्यांची पापणी न लवणे या लक्षणांवरून ती देवांना ओळखते, आणि ज्याची पापणी लवते त्या मर्त्य नळाला वरते. विष्णुपुराणात निमी राजाची कथा आहे. वसिष्ठांच्या शापाने देह गमावल्यावर निमीने पुन्हा शरीर स्वीकारण्यास नकार दिला आणि सर्व प्राण्यांच्या नेत्रांत वास मागितला. तेव्हापासून प्राणी पापण्यांची उघडझाप करू लागले, असे ती कथा सांगते. या दोन्ही कथांत पापणी कोणालाही इशारा देत नाही. तरीही तिला अर्थ आहे, आणि तो अर्थ आहे काळाच्या अधीन असणे. मराठीने या परंपरेतून निमिषमात्र, निमिषार्ध, अनिमिष नेत्रांनी पाहणे हे प्रयोग उचलले. उन्मेष हा शब्द मात्र प्रतिभेच्या क्षेत्रात स्थिरावला.

४. अनैच्छिक पापणी : राइलच्या भेदाची मर्यादा

राइलच्या उदाहरणात अनैच्छिक झटका हा अर्थहीन असतो आणि हेतुपूर्वक केलेली खूण अर्थपूर्ण असते. निमिषाचा विचार करताना हा भेद जसा अपुरा पडतो, तसाच तो शकुनाच्या संदर्भातही अपुरा पडतो. भारतीय परंपरेत डोळा लवणे, म्हणजे पापणीचे आपोआप स्फुरण होणे, हा शकुन मानला गेला. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, तर याच्या उलट अशुभ, असा सर्वसाधारण संकेत आहे. कालिदासाच्या शाकुंतलातील पाचव्या अंकात दुष्यंताच्या दरबारात आलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो आणि प्रेक्षकाला पुढील अस्वीकाराची चाहूल लागते. येथे पापणी लवण्यामागे शकुंतलेचा हेतू नाही, आणि नेमके त्यामुळेच त्या स्फुरणाला अर्थ प्राप्त होतो. व्यक्तीने मुद्दाम डोळा हलवला असता तर त्याला शकुन म्हणता आले नसते. राइलच्या मांडणीत हेतूचा अभाव अर्थ नष्ट करतो. शकुनशास्त्रात हेतूचा अभाव हीच अर्थाची पूर्वअट आहे. संदेश पाठवणारे दैव, संदेशाचे माध्यम शरीर आणि वाचणारा समाज, अशी ही वेगळीच संकेतव्यवस्था आहे. आधुनिक वैद्यकही अनैच्छिक पापणीकडे चिन्ह म्हणूनच पाहते. रॉबर्ट मार्कस गन यांनी १८८३ मध्ये, जबड्याच्या हालचालीबरोबर पापणी वर उचलली जाण्याच्या जन्मजात अवस्थेचे वर्णन केले. तिच्या इंग्रजी नावातही ‘विंक’ हा शब्द आहे. रुग्णाला काही सांगायचे नसते, पण वैद्य वाचतो.

हेतुपूर्वक केलेल्या हालचालींचा विचारही भारतीय परंपरेने सूक्ष्मपणे केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठव्या अध्यायात पापण्यांची, म्हणजे पुटांची, नऊ कर्मे सांगितली आहेत : उन्मेष, निमेष, प्रसृत, कुंचित, सम, विवर्तित, स्फुरित, पिहित आणि विताडित. त्यांचा विनियोगही ठरवून दिला आहे. शृंगारात सम, ईर्ष्येत स्फुरित, अनिष्ट दर्शनात वा दुर्गंधात कुंचित, मूर्च्छा वा नेत्ररोग दाखवताना पिहित, अशी ती व्यवस्था आहे. एका डोळ्याने केलेल्या गुप्त इशाऱ्याला या नऊ नावांत स्वतंत्र स्थान नाही, ही बाब उल्लेखनीय आहे. नटाची पापणी सर्व प्रेक्षकांसाठी हलते; खुणेची पापणी इतरांपासून लपवून एकासाठीच हलते. नाट्यशास्त्राचा विषय पहिला आहे.

मराठी भाषेने हे भेद आपल्या क्रियापदांतच जपून ठेवले आहेत. पापणी लवते ती आपोआप. डोळा लवतो तो शकुन म्हणून. डोळे मिचकावले जातात ते खोडकरपणे किंवा उजेड सहन न झाल्याने. डोळा घातला वा मारला जातो तो इशारा म्हणून. डोळा लागतो तो झोपेने. डोळे मिटतात ते विश्वासाने किंवा मृत्यूने. डोळ्यांच्या खुणांनी चालणाऱ्या गुप्त संभाषणाला नेत्रपल्लवी हे स्वतंत्र नाव आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात डोळा या शब्दाखाली आलेली वाक्प्रचारांची लांबलचक यादी या समृद्धीची साक्ष देते. इंग्रजीत जे भेद संदर्भावरून काढावे लागतात, त्यांपैकी पुष्कळसे मराठीत क्रियापदच सांगून टाकते. एका अर्थी राइलला जे सघन वर्णन अपेक्षित आहे, त्याची पहिली पायरी मराठी बोलणाऱ्याने वाक्य पूर्ण करतानाच चढलेली असते.

५. डोळेझाक : न पाहण्याचे उत्तरदायित्व

पापणीच्या सर्व अर्थांपैकी इतिहासकारास सर्वांत अधिक महत्त्वाचा अर्थ डोळेझाक हा होय. निमिष आणि शकुन यांत कर्ता नसतो. डोळेझाकीत मात्र कर्ता असतो, आणि तो बहुधा अधिकारपदावर असतो. ज्याला पाहण्याचा अधिकार किंवा कर्तव्य आहे, त्याच्याच न पाहण्याला डोळेझाक म्हणतात. वाटसरूने न पाहणे आणि कोतवालाने न पाहणे यांत हा फरक आहे.

या अर्थाचा प्रसिद्ध प्रसंग २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या नाविक युद्धात घडल्याचे सांगितले जाते. वरिष्ठ सेनापतीने माघारीचा संकेत दिला असता होरेशियो नेल्सन यांनी दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि संकेत दिसत नसल्याचे सांगितले. युद्ध जिंकल्यामुळे ही आज्ञाभंगाची कृती शौर्यकथा बनली. डोळेझाकीचे मूल्यमापन तिच्या परिणामांवरून होते, हे यातून सूचित होते.

न्यायशास्त्राने मात्र हा प्रश्न अधिक गांभीर्याने घेतला. लॅटिनमधील ‘कोनिवेरे’ या क्रियापदाचा शब्दशः अर्थ डोळे मिटणे असा आहे. त्यापासून इंग्रजी कायद्यातील ‘कनाय्व्हन्स’ ही संज्ञा आली. गैरकृत्य होत असल्याचे ठाऊक असूनही मूकपणे ते होऊ देणे, असा तिचा आशय आहे. इंग्लंडच्या १८५७ च्या विवाहविषयक कायद्यात आणि भारतातील १८६९ च्या घटस्फोट कायद्यात, जोडीदाराच्या व्यभिचाराकडे स्वतः डोळेझाक करणाऱ्या व्यक्तीला त्याच कारणावरून घटस्फोट मागता येणार नाही, असे तत्त्व आले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्येही ते आढळते. फौजदारी क्षेत्रात १८६१ च्या इंग्लंडमधील स्लीप खटल्याचा उल्लेख केला जातो. शासकीय खुणेचे तांबे बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यापाऱ्याला, ते तांबे शासनाचे असल्याचे ठाऊक होते हे सिद्ध न झाल्याने, दोषमुक्त केले गेले. मात्र मुद्दाम माहिती करून घेण्याचे टाळणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्या निकालातून पुढे आला आणि हेतुतः अंधत्व हे तत्त्व विकसित झाले. न पाहणे हीदेखील एक कृती आहे, असे कायद्याने हळूहळू मान्य केले.

या संज्ञेचा भारतीय समाजाशी सर्वांत निकटचा संबंध १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ द्वारे आला. परपुरुषाने विवाहित स्त्रीशी ठेवलेला संबंध त्या स्त्रीच्या पतीच्या संमतीशिवाय किंवा मूक अनुमतीशिवाय असेल, तरच तो या कलमान्वये व्यभिचाराचा गुन्हा ठरत असे. इंग्रजी मसुद्यात मूक अनुमतीसाठी तीच डोळे मिटण्याची संज्ञा होती. याचा अर्थ असा की, पतीचा डोळा उघडा असेल तर गुन्हा आणि मिटलेला असेल तर गुन्हा नाही. ज्या स्त्रीविषयी हे सर्व चालले होते, तिच्या इच्छेला या व्याख्येत स्थान नव्हते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जोसेफ शाइन खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. पतीच्या संमतीवर वा मूक अनुमतीवर गुन्हा अवलंबून ठेवणे म्हणजे पत्नीला पतीची मालमत्ता मानणे होय, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. म्हणजे १५८ वर्षे भारतीय फौजदारी कायद्यात एका पुरुषाच्या मिटलेल्या पापणीला दोन माणसांचे कृत्य क्षम्य ठरवण्याचे सामर्थ्य होते.

६. इशारा : वाचणाऱ्याचा अधिकार

योगायोग असा की, या निकालाच्या एक महिना आधी सर्वोच्च न्यायालयासमोर पापणीचा दुसरा अर्थ आला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘ओरु अडार लव्ह’ या मल्याळम चित्रपटातील एक गीत प्रसारित झाले. त्यात प्रिया प्रकाश वारियर या अभिनेत्रीने शाळेतील दृश्यात डोळा मारल्याचे चित्रण होते. गीताला धार्मिक संदर्भ असल्याने त्या दृश्यामुळे भावना दुखावल्याची तक्रार हैदराबाद येथे नोंदवली गेली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला. धर्माचा अवमान करण्याचा हेतुपुरस्सर व दुष्ट उद्देश असल्याशिवाय दंड संहितेचे कलम २९५-अ लागू होत नाही, आणि केवळ डोळा मारण्यातून तसा उद्देश सिद्ध होत नाही, हे त्या निर्णयाचे सार होते. सप्टेंबरमधील घटनापीठाचे अध्यक्षही हेच न्यायमूर्ती होते.

या निर्णयावरून डोळा मारणे ही नेहमीच निरुपद्रवी कृती असते, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. दंड संहितेच्या कलम ५०९ मध्ये स्त्रीच्या विनयाचा अवमान करण्याच्या उद्देशाने केलेल्या शब्द, हावभाव वा कृतीस शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७९ द्वारे हीच तरतूद आली आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातही लैंगिक उद्देशाने केलेल्या हावभावाचा अंतर्भाव आहे. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईतील विशेष न्यायालयाने याच कायद्याखाली, अल्पवयीन मुलीला डोळा मारणे व हवेत चुंबन फेकणे हा लैंगिक छळ असल्याचे ठरवून २० वर्षांच्या तरुणाला एक वर्षाची शिक्षा दिली.

२०१८ आणि २०२१ मधील या दोन निर्णयांत विरोध नाही. कायद्याने हावभावांची यादी केलेली नाही. कोणत्या संबंधात, कोणाला उद्देशून आणि कोणत्या हेतूने हावभाव केला, हे पाहण्याचे काम न्यायालयावर सोपवले आहे. चित्रपटातील खूण कथेतील सहमत जोडीदारासाठी होती. मुंबईतील खूण जिला उद्देशून होती, तिला ती नको होती. गीर्ट्झ यांनी मानववंशशास्त्रज्ञाकडून जे सघन वर्णन मागितले, तेच येथे न्यायाधीशाला करावे लागले. शिवाय एक महत्त्वाचा बदलही यात दिसतो. डोळेझाकीत अर्थ ठरवण्याचा अधिकार पापणी मिटणाऱ्याकडे होता. छळाच्या खटल्यात जिच्याकडे पाहून पापणी मिटली, तिच्या साक्षीला निर्णायक महत्त्व प्राप्त झाले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ‘विंक’ या शब्दाचा आजचा अर्थ हा त्याच्या दीर्घ इतिहासाचा केवळ एक टप्पा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजी मजकूर वाचताना किंवा भाषांतरित करताना दोन्ही डोळे मिटणे आणि दुर्लक्ष करणे हे अर्थ प्रथम तपासले पाहिजेत. दुसरा, निमिष हा शब्द एकच असला तरी त्याचे परिमाण ग्रंथपरत्वे बदलते. म्हणून प्राचीन कालगणनेविषयी सरसकट विधाने करणे योग्य नाही. तिसरा, हेतू असेल तरच अर्थ असतो, हे राइलप्रणीत गृहीतक शकुनपरंपरेला लागू पडत नाही. तेथे वाचणारा समाज हाच अर्थाचा निर्माता आहे. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, पापणीचा अर्थ सत्तासंबंधांपासून वेगळा करता येत नाही.

इतिहासाच्या साधनांत झालेल्या घटनांच्या नोंदी सापडतात. न पाहिल्याच्या नोंदी क्वचितच सापडतात. अधिकाऱ्याने कोठे डोळेझाक केली हे दफ्तरात लिहिलेले नसते. ते तक्रारअर्जांतून, रिकाम्या रकान्यांतून, न झालेल्या चौकशांमधून शोधावे लागते. महाविद्यालयीन स्तरावर साधनचिकित्सा शिकवताना ‘विंक’सारख्या एका शब्दाचा इतिहास विद्यार्थ्यांसमोर ठेवला, तर दोन सवयी एकाच वेळी लागू शकतील : शब्द त्याच्या काळात वाचण्याची, आणि दस्तऐवजात ज्यांचे डोळे मिटलेले आहेत त्यांची नावे विचारण्याची. १८६० च्या एका कलमातील मिटलेला डोळा दिसण्यास दीड शतक लागले, हे ध्यानात घेता दुसरी सवय अधिक निकडीची आहे.